जमीन आमची, मग सरकारी पैसे कसणाऱ्याला का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं शिकागोजवळ नोकरी करतो, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. २०२२ मध्ये लिव्हिंग्स्टन काउंटीत ८० एकर शेती घेतली आणि तिथल्याच एका शेतकऱ्याला एकरी ३०० डॉलर रोख भाड्याने कसायला दिली. भाडं वेळेवर येतं, तक्रार नाही. पण शेजारच्या जमिनीच्या मालकाने परवा सांगितलं, की तुमच्या जमिनीवर सरकार पैसे देतं आणि ते तुमचा शेतकरी उचलतो. इतक्या वर्षांत त्याने आमच्याकडे अवाक्षर काढलं नाही. हे पैसे आमचे नाहीत का? ते मागायचे कुठे? शिवाय पुढची जमीन धाकट्या दिरासोबत घ्यायचा विचार आहे. तो एच-वन-बी व्हिसावर आहे, त्याने काही बिघडतं का?"

आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुमच्या आत्ताच्या करारात ते पैसे तुमचे नाहीत. तुमचा शेतकरी तुम्हाला फसवत नाहीये. त्याने सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही तुमचा पगार त्याला सांगत नाही तसंच. दिराचा मामला मात्र खरोखर नाजूक आहे. त्याच्याकडे शेवटी येते, कारण आधीचं समजल्याशिवाय तो समजणार नाही.

मी एकोणीस वर्षं मध्य इलिनॉयमध्ये शेतकऱ्यांचे कराचे हिशेब करते. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका; माझ्या कपाटातल्या फायलींना दुसरं पीक ठाऊक नाही. मूळची मी बार्शीकडची. घरची जमीन कोरडवाहू, आणि काकांनी ती वर्षानुवर्षं बटईने दिलेली. त्यामुळे तुमच्या प्रश्नामागे जो हिशेब आहे तो मला लगेच ओळखू आला. तुम्ही सातबाऱ्याच्या नजरेने बघताय.

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये कोणाला मिळतात? जमीन ज्याच्या नावावर, त्याला. महाराष्ट्रात नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० येतात, तेही त्यालाच. प्रत्यक्ष नांगर कोण धरतो, हा प्रश्नच त्या योजनेत नाही. बटईदाराला त्यातला छदाम मिळत नाही, आणि मिळावा म्हणून त्याच्या हातात कागदही नसतो. कूळकायद्याच्या धाकाने १९५० नंतरच्या पिढ्यांनी जमीन तोंडीच द्यायची सवय लावून घेतली. लिहून दिलं आणि उद्या कूळ लागलं तर? म्हणून सरकारी दप्तरात कसणारा दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला पैसे कसे पाठवणार?

इथे नेमकं उलट आहे. कूळ कागदावर असतं, त्याचं नाव फार्म सर्व्हिस एजन्सीच्या, म्हणजे केंद्राच्या शेतीखात्याच्या, काउंटीतल्या दप्तरात असतं, आणि तेवढ्यावरून मालकी जाईल अशी भीती कोणाला नसते. इथला कायदा "मालक कोण" हे विचारण्याआधी "पीक बुडालं तर कोणाचं बुडणार" हे विचारतो. ज्याचं बुडणार, तो प्रोड्यूसर. पैसे प्रोड्यूसरला. तुम्ही एकरी ३०० डॉलर ठोक घेता. पाऊस पडो न पडो, मका सहा डॉलरने विको की साडेतीनने, तुमचे २४,००० डॉलर ठरलेले. आपल्या भाषेत तुम्ही जमीन मक्त्याने दिली आहे. पिकात तुमची जोखीम शून्य, म्हणून सरकारी मदतीत तुमचा वाटाही शून्य. हाच सगळा तर्क आहे. बाकीचे नियम याच एका खुंटीला टांगलेले आहेत.

हा तर्क आकाशातून पडला नाही. १९३३ मध्ये भाव सावरण्यासाठी कापसाचं क्षेत्र कमी करायला सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक मळेवाल्यांनी ते पैसे स्वतःकडे ठेवले आणि क्षेत्र कमी झालं म्हणून वाटेकऱ्यांना झोपड्यांतून बाहेर काढलं. १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन युनियन काढली ती यातूनच. आजच्या नियमांत कुळाचा वाटा मालकाने दाबू नये अशी कलमं आहेत. तुम्ही उद्या भाडेकरारात "सरकारी रक्कम आल्यावर ती मालकाच्या खात्यात भरावी" असं वाक्य घातलंत, तर त्या कलमांच्या वाटेला जाल. असं वाक्य घालू नका. माझ्याकडे लोक असा मसुदा घेऊन येतात, म्हणून सांगते.

आता "सरकार पैसे देतं" म्हणजे नक्की काय देतं ते बघू, कारण तुमच्या शेजाऱ्याने बहुधा तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या आहेत.

२०१३ पर्यंत खरंच दर वर्षी ठरावीक रक्कम यायची, भाव काहीही असो. २०१४ च्या शेती कायद्याने ती बंद केली आणि दोन योजना आणल्या. एकीला पीएलसी म्हणतात: देशपातळीवरचा हंगामाचा सरासरी भाव ठरलेल्या संदर्भ भावाच्या खाली गेला तर फरक मिळतो. दुसरी एआरसी: काउंटीचं एकरी उत्पन्न, म्हणजे उतारा गुणिले भाव, नेहमीच्या पातळीपेक्षा पुरेसं खाली घसरलं तर काही भाग मिळतो. जुलै २०२५ च्या कायद्याने दोन्ही सढळ केल्या. मक्याचा कायद्यातला संदर्भ भाव बुशेलला ३.७० वरून ४.१० डॉलर झाला, सोयाबीनचा ८.४० वरून १० डॉलर. मक्याचं बुशेल म्हणजे साधारण २५ किलो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे आपल्या क्विंटलशी ताडून बघता येईल.

यातली नव्या मालकांना सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे बेस एकर. पैसे यंदा पेरलेल्या क्षेत्रावर मिळत नाहीत. जमिनीच्या जुन्या पेरणीच्या इतिहासावरून कधीकाळी ठरवून दिलेल्या क्षेत्रावर मिळतात. तो बेस जमिनीला चिकटलेला असतो; जमीन विकली की बेसही जातो. म्हणजे तुम्ही ८० एकर घेतलीत तेव्हा कदाचित ७६ एकर बेसही घेतलात, त्यातला ४० मक्याचा आणि ३६ सोयाबीनचा असं काही. यंदा सगळ्या ८० एकरांत सोयाबीन असलं तरी मक्याचा भाव पडला की मक्याच्या ४० बेस एकरांवर पैसे येणार. हे ऐकून माझे वडील फोनवर म्हणाले होते, "म्हणजे गेल्या पिढीच्या पेरणीवर या पिढीला अनुदान." मला याहून चांगली व्याख्या आजवर सुचलेली नाही.

एक आकडेमोड करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या जमिनीचे वेगळे असतील. समजा मक्याच्या संदर्भ भावात आणि प्रत्यक्ष सरासरी भावात ३० सेंटचा फरक पडला. तुमच्या जमिनीचा दप्तरी उतारा एकरी १५० बुशेल आहे. हा दप्तरी उतारा जुना आणि गोठलेला असतो. तुमच्या भागात आज मका सहज २०० च्या आसपास जातो, पण हिशेब जुन्यावरच. ३० सेंट गुणिले १५० म्हणजे एकरी ४५ डॉलर. कायदा बेसच्या ८५ टक्क्यांवरच पैसे देतो, म्हणून ३८.२५. गुणिले ४० एकर, १,५३० डॉलर. त्यातून केंद्राच्या खर्चकपातीचे ५.७ टक्के वजा: हातात १,४४३. सोयाबीनचं काही आलं तर त्यात भर. भाव बरा असेल त्या वर्षी भोपळा. २०२१ आणि २०२२ मध्ये मका-सोयाबीनला जो भाव होता, त्यात पीएलसीचा एक डॉलरही निघत नव्हता. म्हणजे तुम्ही जमीन घेतलीत त्या वर्षीचं काहीतरी बुडालं अशी रुखरुख असेल तर ती सोडून द्या.

आणि हे पैसे यायला वेळ लागतो. हंगामाचा सरासरी भाव पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर पक्का होतो, आणि पैसे १ ऑक्टोबरनंतर निघतात. २०२५ च्या सुगीचे पैसे ऑक्टोबर २०२६ मध्ये. तोवर शेतकऱ्याने पुढचं पीक काढायला घेतलेलं असतं. तुमच्या शेजाऱ्याने ऑक्टोबरात कोणाच्या तरी खात्यात पैसे आलेले ऐकले असतील, तर ते कदाचित गेल्याच्या गेल्या पेरणीचे असतील.

टोपलीतली दुसरी गोष्ट म्हणजे अधूनमधून येणारी खास मदत. २०१८ मध्ये चीनने इथलं सोयाबीन घेणं जवळजवळ थांबवलं, तेव्हा वॉशिंग्टनने व्यापारयुद्धाची भरपाई म्हणून पैसे वाटले; २०१९ मध्ये ते काउंटीनिहाय दराने, एकरी १५ ते १५० डॉलर. २०२० मध्ये कोविडची मदत. २०२५ मध्ये पुन्हा एक मदत आली, २०२४ च्या पेऱ्यावर, मक्याला एकरी ४२.९१ आणि सोयाबीनला २९.७६ डॉलर या दराने. हे पैसे बेसवर नव्हते, प्रत्यक्ष पेरलेल्या एकरांवर होते. आणि याही वेळी गेले पेरणाऱ्याकडे, जमीन ठोक भाड्याने देणाऱ्याकडे नाही. खरं सांगायचं तर तुमच्या शेतकऱ्याला मिळालेली सगळ्यात मोठी रक्कम बहुधा याच खात्यातली असेल.

तिसरी गोष्ट पीक विमा. त्याच्या हप्त्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलतं, पण ते पैसे कोणाच्या हातात चेक म्हणून येत नाहीत, हप्ता कमी होऊन येतात. ठोक भाडं घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि एक अपवाद, जिथे मालकाला थेट पैसे मिळतात: सीआरपी, म्हणजे जमीन दहा ते पंधरा वर्षं पिकाबाहेर ठेवून तिथे गवत-झाडं राखण्याचा करार. त्याचं वार्षिक भाडं मालक घेऊ शकतो. पण तुमच्याकडची काळी, सपाट, एकरी २०० बुशेल देणारी जमीन कोणी अख्खी गवताखाली घालत नाही. ओढ्याकाठची पट्टी असेल तर तेवढ्यापुरता विचार करता येतो, आणि तोही कुळाशी बोलून, कारण ते क्षेत्र त्याच्या हातून जातं.

इथवरचं एवढं धरून ठेवा: पैसे जोखमीमागे जातात, बेस जमिनीमागे. तुमच्याकडे बेस आहे, जोखीम नाही.

यावर तुम्ही विचाराल, की बेस आमच्या जमिनीचा आणि फायदा त्याचा, मग आम्हाला काय? इथे माझं मत जरा वेगळं आहे. मला वाटतं तुम्हाला त्यातलं बरंचसं आधीच मिळतंय, फक्त त्यावर "अनुदान" असा शिक्का नाही. तुमचा शेतकरी भाडं ठरवताना काय करतो? भाव काय राहील, खत कितीला पडेल, वाईट वर्षी सरकारकडून काय येईल, हे सगळं एका कागदावर मांडतो आणि मग ३०० म्हणतो. वाईट वर्षाला टेकू आहे हे माहीत असल्यामुळेच तो ३०० म्हणायची हिंमत करतो. टेकू नसता तर कदाचित २७५ म्हणाला असता. जमिनीसाठी चार शेतकऱ्यांत चढाओढ असते तिथे ही मदत हळूहळू भाड्यात मुरते, आणि भाड्यातून जमिनीच्या किमतीत. तुम्ही २०२२ मध्ये एकराला जी किंमत मोजलीत, तिच्यातही ती आहे. म्हणजे या मदतीचा एक भाग तुम्हाला जमीन विकणारा घेऊन गेला. माझ्या ओळखीचे जुने शेतकरी कबूल करतात, की नव्याने शेतीत येणाऱ्या पोराला ही मदत जितकी तारते तितकीच जड जाते, कारण तिनेच जमीन महाग केलेली असते.

तरीही हा मुरण्याचा वेग जागेजागी वेगळा असतो. चार शेतकरी टपून बसलेल्या गावात तो जलद, आणि दहा वर्षं एकाच कुळाकडे, एकाच दराने, नाताळला मक्याच्या कणसांची टोपली घेऊन चाललेल्या नात्यात फार सावकाश. २०१९ मध्ये माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, नवऱ्यामागे १६० एकर सांभाळणाऱ्या. प्रश्न तुमचाच. रागही तुमच्यापेक्षा जास्त. मी त्यांना म्हटलं, पैसे मागू नका, भाडं मागा. नूतनीकरणाच्या बैठकीत त्यांनी फक्त आजूबाजूचे दर कुळासमोर ठेवले. एकरी २० डॉलर वाढले, आणि सरकारी पैशांचा विषय कोणी काढलाही नाही.

तुम्हाला पुढे तीन वाटा आहेत. पहिली हीच: ठोक भाडं ठेवा आणि दर नीट ठरवा. दोघंही शिकागोत नोकरी करता, हंगामात शेतावर जाणं होत नाही, तर माझा कल याच वाटेकडे आहे. एक तारीख लक्षात ठेवा. इलिनॉयमध्ये वर्षावारी चालणारा शेतीचा करार संपवायचा किंवा बदलायचा असेल तर वर्ष संपण्याच्या निदान चार महिने आधी लेखी नोटीस लागते. बहुतेक करार फेब्रुवारीअखेर संपतात, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आत. नोव्हेंबरात जागे झालात तर आणखी एक वर्ष जुन्याच दराने. लेखी करारात मुदत स्पष्ट लिहिली असेल तर गणित वेगळं, तेव्हा आधी तुमचा कागद काढून बघा.

दुसरी वाट लवचिक भाड्याची: किमान दर ठरलेला, आणि भाव-उतारा चांगला गेला तर वर बोनस. बोनसच्या हिशेबात एकूण उत्पन्नासोबत सरकारी मदतही धरता येते. पण इथे शब्दाला महत्त्व आहे. करारातलं भाडं पिकाच्या प्रमाणात ठरतंय असं फार्म सर्व्हिस एजन्सीला वाटलं, तर तुमचा करार ठोक आहे की वाट्याचा, हे ते स्वतः ठरवतात, आणि त्यावरून पैशांची विभागणी बदलते. नेमकी रेघ कुठे पडेल हे मी तुमचा मसुदा न बघता सांगणार नाही. सही करण्याआधी मसुदा काउंटीच्या कार्यालयात दाखवा. तो तपासून देतात.

तिसरी वाट म्हणजे निमवाटा. मध्य इलिनॉयची ही जुनी रीत: बियाणं, खत, औषध निम्मं-निम्मं, पीकही निम्मं-निम्मं, यंत्रं आणि श्रम कुळाचे. यात तुम्ही प्रोड्यूसर होता. जमीन देऊन पिकाची जोखीम घेणाऱ्या मालकाला स्वतः राबण्याची अट नाही, आणि सरकारी पैसे पिकाच्याच वाट्याने, निम्मे तुमच्या नावावर येतात. आता वरचा आकडा आठवा. मक्याचे १,४४३, त्यातले निम्मे साधारण ७२० डॉलर. त्या बदल्यात ४० एकर मक्याच्या बियाण्या-खतात तुमचा वाटा एकरी दोनशेच्या पुढे सहज जातो, म्हणजे वसंतात आठ हजारांच्या वर रोख बाहेर. निम्मा मका तुमचा होतो हे खरं, पण २०१२ च्या दुष्काळात माझ्या निमवाट्याच्या मालकांचे चेहरे मी पाहिले आहेत. विमा घेतलेल्यांनी दम धरला. न घेतलेल्यांनी पुढच्याच वर्षी मक्ता धरला. निमवाटा शेतीची आवड असेल तर करा, सरकारी पैशांसाठी करू नका.

आणि कागदोपत्री निमवाटा तर मुळीच नको. एका काउंटीत दोन भावांनी तसं केलं होतं: करार निमवाट्याचा, प्रत्यक्षात घेत होते ठोक भाडं. तपासणीत बियाण्याच्या पावत्या मागितल्या. पावत्या नव्हत्या. घेतलेले पैसे व्याजासकट परत गेले आणि पुढच्या वर्षांची पात्रताही अडकली. फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी कमिटीवर गावातलेच निवडून आलेले शेतकरी बसतात. कोण बियाणं विकत घेतं आणि कोण नाही, हे त्यांना कागद न बघताही कळतं.

निमवाट्याला गेलात तर तीन कागद भरावे लागतील: जमीन आणि पाणथळ राखण्याचा एडी-१०२६, शेती कशी चालते ते सांगणारा सीसीसी-९०२, आणि उत्पन्नाच्या मर्यादेचा सीसीसी-९४१. मर्यादा वर्षाला सरासरी ९ लाख डॉलरची आहे, तुम्हा नोकरदारांना तिची चिंता नको. माणशी मिळणाऱ्या मदतीच्या कमाल मर्यादेचीही (२०२५ साठी १,५५,००० डॉलर) नको. ती तुमच्या शेतकऱ्यासारख्या, दोन-अडीच हजार एकर करणाऱ्याची डोकेदुखी. कराच्या बाजूने एवढंच: आत्ता तुमचं भाडं करविवरणाच्या शेड्यूल ई या जोडपत्रावर जातं. निमवाट्यात फॉर्म ४८३५, किंवा शेतीच्या निर्णयांत तुम्ही खरोखर भाग घेत असाल तर शेड्यूल एफ, आणि मग स्वयंरोजगाराचा कर. हा फरक कधीकधी अनुदानापेक्षा मोठा निघतो.

मात्र जमीन मक्त्याने देऊनही दोन गोष्टी मालक म्हणून तुमच्याच हातात राहतात, आणि त्यांकडे कोणी लक्ष देत नाही. एक, बेस. बेस कमी-जास्त करणं, दप्तरी उतारा सुधारणं हे मालकाच्या अखत्यारीत असतं. २०२५ च्या कायद्याने देशभर ३ कोटी एकरांपर्यंत नवा बेस देण्याची सोय केली आहे, २०१९ ते २०२३ मधल्या पेरणीच्या आधारावर. तुमच्या जमिनीवर पेरा बेसपेक्षा जास्त होत असेल तर त्याबद्दलचं पत्र मालकाच्या नावाने येतं. मागच्या मालकाचा जुना पत्ता दप्तरात राहिला असेल तर ते पत्र त्याच्या घरी जाईल. दोन, पाणी. तुमच्या भागात जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या सर्रास घालतात. तुम्ही उत्साहाने एखादा पाणथळ कोपरा निचरून पिकाखाली आणलात आणि तो दप्तरात पाणथळ म्हणून नोंदलेला निघाला, तर तुमच्या चुकीने कुळाचे पैसे अडकू शकतात. खोदण्याआधी विचारा.

म्हणून पहिलं काम: काउंटीच्या कार्यालयात फोन करून आपल्या शेताचा एफएसए-१५६ ईझी मागा. दोन-तीन पानांचा कागद असतो. इथला सातबाराच समजा. त्यात फार्म नंबर, ट्रॅक्ट नंबर, कोणत्या पिकाचा किती बेस, दप्तरी उतारा किती, एआरसी की पीएलसी, सगळं येतं. मालक म्हणून तो तुम्हाला मिळतो. कुळाच्या खात्यात काय जमा झालं हे त्यात नसतं. पण बेस आणि उतारा हातात आला की वरची आकडेमोड तुम्हीच दहा मिनिटांत कराल, आणि शेजाऱ्याच्या बोलण्यात किती दम होता ते कळेल. फोन करताना कुळाला आधी सांगा. छोट्या काउंटीत तुम्ही चौकशी केल्याचं त्याला तसंही कळणार. ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

आता दीर. एच-वन-बीवरचा माणूस या कायद्यांच्या लेखी परकीय. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. सरकारी मदतीसाठी परकीय माणसाला जमीन आणि भांडवल तर लावावं लागतंच, वर शेतावर स्वतः भरपूर राबावंही लागतं. नोकरी सोडून तो हे करणार नाही, आणि व्हिसाही करू देणार नाही. कंपनी काढून जमीन घेतलीत आणि त्यात त्याचा वाटा १० टक्क्यांच्या वर गेला, तर ती कंपनीच परकीय ठरते. नंतर अर्ज करून तुमच्या दोघांच्या वाट्यापुरती सूट मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही. ठोक भाडं घेणार असाल तर याने काही बिघडत नाही, कारण मदत तुम्हाला मिळणारच नसते. निमवाट्याला जाणार असाल तर बिघडतं.

दुसरी गोष्ट ठोक भाडं असो की निमवाटा, लागूच आहे. १९७८ च्या कायद्याने परकीय व्यक्तीने शेतजमिनीत हक्क घेतला की ९० दिवसांत एफएसए-१५३ हा फॉर्म भरून कळवावं लागतं. राहून गेलं तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. खरेदीखत करणारा वकील याची आठवण करून देईलच असं नाही. शहरातल्या वकिलांना हा फॉर्म माहीत नसतो असा माझा अनुभव आहे. जमीन दुसऱ्या राज्यात बघत असाल तर तिथे परकीयांना शेतजमीन घेता येते का, हे बयाणा देण्याआधी विचारा. काही राज्यांनी त्यावर बंधनं घातली आहेत. आणि इलिनॉयमध्येच घेणार असाल तर ९० दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजा. दिराचं ग्रीन कार्ड येऊ घातलंय म्हणून थांबू नका, फॉर्म भरून टाका.